सासूबाईंच्या डोळ्याची नळी: लेझर करायचं का?

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझ्या सासूबाई 66 वर्षांच्या आहेत. डाव्या डोळ्यातून दोन-तीन वर्षं सतत पाणी गळतं, पदराने पुसून पुसून कातडी लाल झाली आहे. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात आणि नाकाजवळचा कोपरा दाबला की पांढरट घाण वर येते. मोतीबिंदूच्या शिबिरात नेलं, तर तिथे नळीत पाणी मारून बघितलं आणि ‘नळी बंद आहे, आधी तिचं ऑपरेशन करा, मग मोतीबिंदू’ असं सांगून परत पाठवलं. एका दवाखान्यात बाहेरून चिरा देऊन, टाके घालून करावं लागेल म्हणाले. दुसरीकडे ‘लेझरने करू, पंधरा मिनिटांत होतं, टाके नाहीत, व्रण नाही’ असं सांगितलं. सासूबाईंना मधुमेह आहे. दीड वर्षापूर्वी हृदयात स्टेंट बसवला, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू आहेत. तपकीर ओढायची जुनी सवय आहे.

घरात सगळ्यांचं मत लेझरचं. पण माझ्या मावशीचं असंच लेझर झालं होतं आणि सात-आठ महिन्यांत पुन्हा पाणी सुरू झालं. लेझर करावं का? करायचंच तर ते टिकावं म्हणून काय करता येईल? मावशीचं पुन्हा करता येतं का? आणि जाता जाता, माझ्या बहिणीच्या सात महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यातूनही पाणी येतं. त्यालाही लेझर लागेल का?

— एक सून, कराड तालुका

उत्तर

नमस्कार.

शिबिरातून परत पाठवलं म्हणून घरात चिडचिड झाली असेल, पण त्या डॉक्टरांनी सासूबाईंच्या डोळ्यावरचं मोठं संकट टाळलं आहे. कोपरा दाबल्यावर घाण वर येते याचा अर्थ डोळा आणि नाक यांच्यामधल्या अश्रुपिशवीत पू साठून आहे आणि जंतू तिथे मुक्कामाला आहेत. अशा डोळ्यावर मोतीबिंदूसाठी छेद घेतला तर तेच जंतू डोळ्याच्या आत शिरू शकतात, आणि आत संसर्ग झाला तर काही दिवसांत नजर जाऊ शकते. म्हणून तर आपल्याकडे मोतीबिंदूच्या आधी नळीत पाणी मारून बघायची पद्धत पडली. चार दिवस थेंब घालून कोपरा कोरडा दिसला म्हणून त्यांना दुसऱ्या शिबिरात नेऊन बसवू नका. थेंबांनी पू कमी होतो, नळी उघडत नाही.

लेझरबद्दल माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. सासूबाईंसाठी माझी पहिली पसंती लेझरला नाही. पण त्यांच्या गोळ्यांमुळे तो पर्याय बादही करता येत नाही. आणि मावशींच्या बाबतीत लेझर पहिल्या खेपेपेक्षा आता जास्त उपयोगी पडण्याची शक्यता आहे.

बहुतेकांची समजूत असते की लेझरने नळीतला अडथळा जाळतात आणि नळी मोकळी होते. तसं होत नाही. आरशासमोर उभं राहून खालची पापणी आतल्या कोपऱ्याशी किंचित बाहेर ओढली तर एक बारीकसं छिद्र दिसतं, तसंच वरच्या पापणीलाही असतं. तिथून दोन बारीक नळ्या अश्रुपिशवीत जातात आणि पिशवीतून एक जाड नळी हाडातून खाली नाकात उतरते. सासूबाईंची बंद झाली आहे ती बहुधा ही शेवटची. चाळिशीनंतर हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बरंच जास्त दिसतं, आणि बायकांची ही हाडातली वाट मुळात अरुंद असते हे त्याचं एक कारण मानलं जातं. मोठ्या माणसात ही नळी आतून सुजून चिकटली की ती उघडून टिकत नाही. म्हणून तिच्या नादी न लागता पिशवी आणि नाक यांच्या मधल्या हाडाला भोक पाडून पिशवीचं तोंड वरच्या वर नाकात उघडतात. याला डॉक्टर ‘डीसीआर’ म्हणतात. चिरा देऊन केलं, नाकातून दुर्बिणीने केलं किंवा लेझरने केलं, तरी काम हेच. बदलतं ते भोक पाडायचं हत्यार आणि तिथवर जायची वाट.

बाहेरून चिरा देऊन करायची पद्धत इटलीतल्या अद्देओ टोटी यांनी 1904 मध्ये मांडली. पुढे तिच्यात एक मोलाची भर पडली: पिशवीचं आतलं अस्तर नाकाच्या अस्तराला शिवायचं, म्हणजे नवी वाट पहिल्या दिवसापासून अस्तर लावलेली असते. नाकातून दुर्बीण घालून करायची आजची रीत 1980च्या दशकाच्या शेवटी रुळू लागली, आणि 1990 मध्ये अमेरिकेत मसारो, गॉनरिंग आणि हॅरिस यांनी नाकातून आर्गॉन लेझर वापरून डीसीआर केल्याचं प्रसिद्ध केलं. हल्ली लेझर म्हणतात ते बहुधा डायोड लेझर. अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाडीची काचतंतूची तार पापणीच्या छिद्रातून पिशवीत घालतात, नाकात दुर्बीण ठेवतात, पिशवीमागचं पातळ हाड लाल उजळलेलं दिसलं की तिथेच नेम धरून हाड जाळत भोक पाडतात. पंधरा-वीस मिनिटं, तेवढ्या भागापुरती भूल, रक्तस्राव नगण्य, चेहऱ्यावर काही नाही. तुम्हाला दवाखान्यात सांगितलं ते या बाबतीत खरंच आहे.

प्रश्न त्यानंतरचा आहे. बाहेरून केलेल्या ऑपरेशनात सरावलेल्या हातांना शंभरातले नव्वदहून जास्त रुग्ण बरे करता येतात. नाकातून दुर्बिणीने करणारे चांगले सर्जन आता त्याच्या बरोबरीला आले आहेत. लेझरचे प्रसिद्ध झालेले आकडे मात्र कुठे साठ, कुठे नव्वद असे विखुरलेले आहेत. एकाच यंत्राचे निकाल इतके पसरलेले दिसतात तेव्हा फरक यंत्रात कमी आणि ते कुणासाठी, कसं वापरलं नि मागाहून काय केलं यात जास्त असतो. ‘लेझर’ अशी ठळक पाटी लावलेली दिसली की मी जरा सावध होते, ते यासाठीच.

भोक का बुजतं, हे समजून घेतलंत तर बाकीचं सगळं आपोआप उलगडेल. कान टोचल्यावर त्यात कडुलिंबाची काडी किंवा बाळी घातली नाही तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. शरीर जखम भरून काढायचं काम करतं, आणि इथे आपल्याला नेमकं तेच नको असतं. लिनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये बाहेरून केलेल्या ऑपरेशनांचा माग काढला. ऑपरेशनच्या वेळी हाडाचं भोक सरासरी 12 मिलीमीटरच्या घरात होतं, आणि जखम भरल्यावर नाकातून दिसणारं तोंड सरासरी 2 मिलीमीटरही नव्हतं. गंमत म्हणजे हाड जास्त काढलं म्हणून शेवटचं तोंड मोठं राहिलं, असा ठोस संबंधही त्यांना आढळला नाही. पाणी वाहायला तेवढं तोंड पुरतं. पण ते टिकतं कडांच्या जोरावर. अस्तराला अस्तर मिळालं असेल तर कडा शांतपणे भरतात. लेझरने कडा भाजतात, भाजलेल्या जागी मांस वाढतं, मग ते आक्रसून घट्ट होतं. शिवाय लेझरचं भोक बहुतेकदा 5 मिलीमीटरच्या आगेमागे असतं. पिशवीपुढचं हाड जाड असतं, ते लेझरने नीट निघत नाही, म्हणून भोक पातळ हाड सापडेल तिथे पडतं, पिशवीच्या तळाशी पडेलच असं नाही. वर पडलं तर खालच्या भागात घाण साचून राहते. मावशींचं सात-आठ महिन्यांनी बंद झालं ते यातल्याच कुठल्या तरी कारणाने झालं असावं.

मग ते टिकावं म्हणून काय करता येतं? काही गोष्टी सर्जनच्या हातात आहेत, त्या तुम्ही विचारून घेऊ शकता.

सगळ्यात आधी, ऑपरेशनपूर्वी नाकात दुर्बीण घालून बघितलं आहे का ते विचारा. डोळ्याच्या ऑपरेशनला नाक कशाला, असं वाटेल; पण नवी वाट नाकात उघडणार आहे. नाकाचा पडदा त्या बाजूला वाकलेला असेल, आतलं हाड फुगलेलं असेल, कोंब असेल, तर भोक कितीही छान पाडलं तरी समोरची भिंत त्याला चिकटते आणि वाट बंद होते. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञाने आधी किंवा त्याच वेळी ती अडचण दूर केली तर निकाल बदलतो. नाकात न डोकावता लेझरची तारीख देणाऱ्या ठिकाणी मी माझ्या माणसाला नेणार नाही.

दुसरं, नळी नक्की कुठे अडली आहे. पाणी मारताना घाण वरच्या छिद्रातून परत आली तर अडथळा खाली आहे, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. सासूबाईंचं दाबल्यावर घाण येणं त्याच बाजूने बोलतं. पण पापणीतल्या बारीक नळ्याच बंद असतील तर हे ऑपरेशन, लेझर असो वा नसो, एकट्याने पुरत नाही. इथेच लेझरचा एक धोका सांगून ठेवते, कारण जाहिरातीत तो येत नाही. तापलेली तार याच बारीक नळीतून जाते-येते. तार पिशवीत पोचण्याआधी किंवा बाहेर ओढताना लेझर चालू राहिला, टोक गार व्हायच्या आत मागे घेतलं, तर ती नळी भाजते. ती बंद झाली की दुरुस्ती फार अवघड, शेवटी काही जणांना कोपऱ्यात काचेची कायमची नळी बसवून घ्यावी लागते. म्हणून ‘लेझर तुम्ही स्वतः किती केलेत आणि नाकात दुर्बीण ठेवूनच करता ना?’ हा प्रश्न उद्धट नाही. जरूर विचारा.

लेझर संपला की काम संपलं असं मानणारे सर्जन आणि मग दुर्बिणीतून भोकाच्या कडेची काजळी, जळालेले तुकडे काढून, गरज पडली तर साध्या हत्याराने भोक वाढवणारे सर्जन, यांच्या निकालात फरक पडणं साहजिक आहे. दुसऱ्या प्रकारचे शोधा. ऊर्जा थोडी थोडी, मध्ये थांबत दिली की आजूबाजूचं अस्तर कमी भाजतं, हेही अनुभवी हाताला माहीत असतं.

सिलिकॉनची बारीक नळी दोन्ही पापण्यांच्या छिद्रांतून नव्या भोकातून नाकात सोडून ठेवतात. लेझरनंतर ती बहुतेक सर्जन घालतात आणि मलाही ते पटतं. पण ती जास्त दिवस ठेवली म्हणजे जास्त फायदा, असं गणित नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. मोहम्मद जावेद अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तर त्यांवर जंतूंचे चिकट थर बसलेले दिसले. नळी घासून तिथे मांसही वाढू शकतं. साधारण सहा आठवडे ते तीन महिने, या मुदतीत कधी काढायची ते सर्जन ठरवतील, पण तारीख लिहून घ्या. नळी बसवली नि रुग्ण गावी जाऊन वर्षभर फिरकलाच नाही, असं घडतं. (या नळीलाही डॉक्टर ‘स्टेंट’ म्हणतात. घरी बोलताना हृदयातला स्टेंट आणि डोळ्यातला स्टेंट यांची गल्लत होऊ देऊ नका. डोळ्यातल्याला सरळ ‘सिलिकॉनची नळी’ म्हणा, औषधाच्या दुकानातही आणि फोनवरही.)

मायटोमायसिन नावाच्या औषधाबद्दलही कुणी सांगेल. मूळचं कर्करोगावरचं औषध आहे. कापसाच्या बोळ्यावर घेऊन काही मिनिटं भोकाच्या कडेला धरतात आणि धुऊन टाकतात, म्हणजे मांस कमी वाढतं. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. पहिल्याच ऑपरेशनात ते लावलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांदा करताना, किंवा ज्याला व्रण जाड येतात अशा माणसात, सर्जन वापरत असतील तर हरकत घेणार नाही.

आता सासूबाईंचं. दोन गोष्टी लेझरच्या विरुद्ध जातात. त्यांच्या पिशवीत पू साठून आहे, आणि अशी पिशवी एका लहान भोकातून रिकामी ठेवण्यापेक्षा पूर्ण उघडलेली मला बरी वाटते. दुसरं म्हणजे पिशवी उघडून बघितली की आत काय आहे ते दिसतं: खडे, वेगळं दिसणारं मांस, क्वचित गाठ. संशय आला तर तुकडा तपासणीला पाठवता येतो. लेझरमध्ये तुकडा हाती येत नाही. म्हणूनच डोळ्यातून रक्तमिश्रित पाणी येत असेल, किंवा कोपऱ्याच्या वरच्या बाजूला टणक, दाबली तरी न जिरणारी गाठ लागत असेल, तर लेझरचा विचार सोडून द्या आणि आधी सीटी स्कॅनचं विचारा. तुमच्या पत्रात असं काही नाही, तरी एकदा बोट लावून बघा.

लेझरच्या बाजूने एकच पण वजनदार गोष्ट आहे: त्या दोन गोळ्या. बाहेरून आणि नाकातून केलेल्या ऑपरेशनांत रक्त जातं, आणि नाकातून रक्त सुरू झालं तर ते थांबवणं त्रासाचं असतं. लेझरमध्ये ते फार कमी. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना गाठून साधा प्रश्न विचारा: स्टेंट बसून दीड वर्ष झालं, आता दोन्ही गोळ्या लागतात का, आणि ऑपरेशनपुरती एखादी थांबवता येईल का? पुष्कळ रुग्णांना वर्षभरानंतर एकच गोळी पुरते. पण निर्णय त्यांचा. घरातल्या कुणी, शेजाऱ्याने किंवा औषधाच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून गोळी बंद करू नका. डोळ्याचं पाणी वर्षभर वाहिलं तर चालेल, स्टेंटमध्ये गुठळी चालणार नाही. एक गोळी थांबवता येत असेल तर मी बाहेरून किंवा दुर्बिणीतून करायला सांगेन. थांबवता येत नसेल तर लेझर, पण वर सांगितलेल्या सगळ्या अटींवर.

चिऱ्याची भीती मात्र मनातून काढा. नाकाच्या कडेला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा चिरा असतो, आणि सासूबाईंच्या वयाच्या कातडीत तो काही महिन्यांत सुरकुतीत मिसळून जातो. पूर्ण भूल द्यावीच लागते असंही नाही. तेवढ्या भागाला इंजेक्शन देऊन हे ऑपरेशन आपल्याकडे रोज होतं. याला महागडं यंत्र लागत नाही, त्यामुळे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही ते केलं जातं. खर्चाचं विचारताना रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून योजनेत काय बसतं तेही बघून घ्या.

साखर आटोक्यात आणायला आजपासून सुरुवात करा. जखम बिघडू नये एवढंच कारण नाही. वाढलेल्या साखरेत पिशवीतला संसर्ग एकदम उसळू शकतो. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत कोपरा लाल होऊन दुखून फुगला, ताप आला, तर तो दाबायचा नाही, गावात कुणाकडून फोडूनही घ्यायचा नाही. असं फोडलेलं गळू पुष्कळदा कातडीवरच कायमचं तोंड करून बसतं आणि गालावर पाणी गळत राहतं, त्यालाच लोक नासूर म्हणतात. अशा वेळी लगेच डॉक्टरकडे जा. अँटिबायोटिकने सूज उतरली की मग ऑपरेशन.

ऑपरेशन टिकवण्यातला निम्मा वाटा मी नंतरच्या दिवसांना देते, आणि तो तुमच्या हातात आहे. पहिले दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. एक-दोन दिवस नाकातून थोडं रक्तमिश्रित पाणी येईल, त्याला घाबरू नका; धार लागली तर मात्र थेट रुग्णालय गाठा. झोपताना डोकं उशीवर थोडं उंच. गरम चहा, वाफ आणि जड उचलणं पहिले काही दिवस नको. नाकात खपल्या धरतात आणि त्या खपल्यांखालीच भोक चिकटायला लागतं, म्हणून नाक ओलं ठेवणं फार महत्त्वाचं. सर्जनने सांगितलेल्या दिवसापासून सलाईनच्या पाण्याने नाक धुवायचं. सासूबाईंना जलनेती माहीत असेल तर त्यांना हे सोपं जाईल, फक्त नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालणार नाही. औषधाच्या दुकानातलं सलाईन घ्या, नाही तर पाणी उकळून, गार करून, त्यात मीठ घालून. साधं न उकळलेलं पाणी नाकात घेतल्याने जिवावर बेतणारा अमिबाचा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत, दुर्मीळ असल्या तरी.

डोळ्यात थेंब, आणि दिला असेल तर नाकातला फवारा, ठरल्या दिवसांपर्यंत. बरं वाटलं म्हणून आठव्या दिवशी सोडायचा नाही. कोपऱ्यात सिलिकॉनचा बारीक धागा दिसत राहील. तो चोळला किंवा रात्री ओढला गेला की वळसा बाहेर येऊन डोळ्यावर लोंबतो. तसं झालं तर कापू नका, ओढू नका, कागदी चिकटपट्टीने नाकाच्या कडेला चिकटवा आणि दवाखान्यात जा.

आणि तपकीर. डबी आत्तापासून बंद, निदान ऑपरेशनआधीचे काही आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत. तंबाखूची ती पूड नाकाचं अस्तर सतत चिडवत ठेवते, वर शिंका काढते, आणि ताज्या भोकावर जाऊन बसते. सर्जनने तासभर मेहनत करून कडा साफ करायच्या आणि इकडे चिमूट चिमूट पूड आत जायची, हे जमणार नाही. त्या दातांनाही लावत असतील तर त्याने या भोकाचं फारसं बिघडत नाही, पण त्या निमित्ताने तेही सुटलं तर मला आनंदच आहे. सुनेने सांगितलेलं त्या ऐकणार नाहीत असं वाटत असेल तर सर्जनकडून त्यांच्या तोंडावर सांगून घ्या. अशा ठिकाणी पांढऱ्या कोटाचा उपयोग होतो.

तपासणीच्या तारखा चुकवू नका. पहिल्या आठवड्यात, मग दोन-तीन आठवड्यांनी, नळी काढताना, आणि सहा महिन्यांनी. पहिल्या एक-दोन भेटींत दुर्बिणीतून खपल्या आणि उगवू पाहणारं मांस काढून टाकतात. पाच मिनिटांचं ते काम कधी कधी दुसरं ऑपरेशन वाचवतं. ‘यश किती?’ असं सर्जनला विचारताना ‘सहा महिन्यांनी पाणी मारलं तर कितीजणांची वाट उघडी असते?’ असं विचारा. महिनाभरात तर सिलिकॉनच्या जोरावर सगळ्यांचीच उघडी असते. जखम भरल्यानंतर कधी हलकंच नाक शिंकरताना कोपऱ्यातून हवा फुसकन वर आल्यासारखं सासूबाईंना वाटेल. घाबरतील बिचाऱ्या, पण ते चांगलं लक्षण आहे, वाट उघडी आहे. वाट उघडी असूनही थोडं पाणी येत राहिलं तर डोळा कोरडा पडल्यामुळे चुरचुरून येणारं पाणी किंवा पापणी सैल पडणं ही कारणं शोधावी लागतात. या वयात दोन्ही सर्रास दिसतात. वाट भरून आली आणि पू बंद झाला याची खात्री झाली की मोतीबिंदूची तारीख घ्या.

मावशींचं पुन्हा करता येतं, आणि तिथे लेझरची बाजू उजवी आहे. हाड पहिल्या वेळीच गेलेलं आहे, आता बहुधा फक्त पडदा आलेला असणार. पडदा फोडायला लेझर चांगला, रक्त नाही, पूर्ण भूल नाही. अर्थात आधी नाकात बघून बंद कशामुळे झालं ते ठरवायचं: समोरचं हाड चिकटलं आहे, पडदा आला आहे, की मुळात भोकच चुकीच्या जागी होतं. चुकीच्या जागी असेल तर पुन्हा लेझर मारून तीच चूक पक्की होईल. मग बाहेरून किंवा दुर्बिणीतून नीट मोठं करून घ्यावं. पहिल्या ऑपरेशनचे कागद बरोबर न्या.

बाळाला लेझर नको. तान्ह्या मुलांत नळीच्या नाकाकडच्या तोंडावर एक पातळ पडदा उघडायचा राहिलेला असतो आणि दहातल्या नऊ बाळांचा तो वर्षभरात आपोआप उघडतो. बहिणीला सांगा: हात धुऊन, नखं कापून, करंगळीने आतल्या कोपऱ्यावर दाब देऊन नाकाच्या कडेने खाली ओढायचं, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाच-दहा दाब. नुसतं चोळायचं नाही, दाब लागला पाहिजे. एकदा बालरोगतज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञाकडून हात धरून शिकून घ्यावं. काजळ घालायचं नाही, आजी कितीही म्हणाल्या तरी. वर्ष उलटूनही पाणी राहिलं तर थोड्या भुलेखाली सळई घालून पडदा उघडतात, बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. मात्र बाळ उजेडाला डोळा मिटून घेत असेल, डोळ्याचं काळं बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर वर्षाची वाट बघायची नाही. ते काचबिंदूचं लक्षण असू शकतं, त्याच आठवड्यात दाखवायचं.